लाल दोऱ्याचं बटण

"गोम सगळी शर्टात आहे," निकम सर म्हणाले. "जानकीनं धुवायला शर्ट मागितला आणि हा गडी दोन पावलं मागं सरकला. का?"

"मळलेला शर्ट बायकोच्या हातात द्यायची लाज वाटली असेल," तबस्सुम म्हणाली.

"नवऱ्याला कसली आलीय लाज?"

"तेच तर कळत नाही ना सर! नवरा आहे की नाही, यावरच तर सगळी मालिका चाललीय."

शनिवारची दुपार होती. कऱ्हाडातल्या एका जुन्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी चार वाजता ही मंडळी जमायची. 'बुडीत' नावाच्या मालिकेनं त्यांना एकत्र आणलं होतं. गोष्ट धरणाखाली गेलेल्या एका गावाची. गाव उठलं त्या दिवशी अनंता नावाचा एक शेतकरी पाण्यात नाहीसा झाला. वीस वर्षांनी, एका कडक उन्हाळ्यात पाणी हटतं, देवळाचा कळस उघडा पडतो आणि चिखल तुडवत एक माणूस येतो. चेहरा अनंताचा, पण बोलत एक शब्द नाही. अनंताची बायको जानकी त्याला घरात घेते. तो खरंच अनंता आहे का? असला, तर इतकी वर्षं कुठं होता?

मालिकेचा महिन्याला एकच भाग यायचा, त्यामुळे पुढचे चार शनिवार डोकं खाजवायला मोकळे. अकरावा भाग परवाच्या गुरुवारी झाला होता.

"मंजूताई, तुम्ही बोला की," तबस्सुम म्हणाली. तिचं स्टँडजवळ औषधाचं दुकान होतं आणि शनिवारी ती ते दोन तास नवऱ्यावर सोपवून यायची. "तुमचं ऐकायला तर आलोय आम्ही."

खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या मंजूषानं घसा साफ केला. काचबिंदूनं तिची नजर पूर्ण जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्याआधी तीस वर्षं ती तालुका कोर्टात लघुलेखक होती. साक्षीदाराच्या तोंडून निघालेला शब्द जसाच्या तसा उतरवणं हे तिचं काम. पुढं यंत्रं साक्षी उतरवायला लागली आणि मंजूषा त्या कोर्टातली शेवटची लघुलेखक ठरली. ऐकलेलं वाक्य तिच्या डोक्यात अजूनही शिक्का मारल्यासारखं बसायचं.

"जानकी हात पुढं करते," मंजूषा सांगू लागली. "तो मागं सरकतो. तिच्या डोळ्यांत पाणी येतं. तो दाराकडे बघतो."



"ताई, राग मानू नका," तबस्सुम म्हणाली, "पण हे आम्हीही बघितलं. तुम्ही सांगता तेव्हा आम्हाला न दिसलेलं काहीतरी निघतं दरवेळी."

मंजूषाला ते लागलं, कारण ते खरं होतं. आजवर प्रत्येक भाग तिला तिच्या वहिनीनं, वृंदानं, शेजारी बसून सांगितला होता. हा अकरावा भाग मात्र तिनं बोलक्या चष्म्यातून ऐकला होता. चष्मा आठच दिवसांपूर्वी आला होता. वृंदाचा मुलगा निनाद पुण्यात असे, त्यानं तो आत्यासाठी पाठवला होता. काड्यांमध्ये दोन बारीक कॅमेरे, कानाशी मणभर शहाणपण सांगणारा एक आवाज. समोर पायरी आहे, डावीकडून सायकल येतेय, ही गोळी रक्तदाबाची आहे, सगळं सांगायचा. त्याच्या जोरावर आज मंजूषा घरापासून वाचनालयापर्यंत एकटी चालत आली होती. दीड वर्षात पहिल्यांदा.

"चष्म्याचा दोष नाही तो," निकम सर म्हणाले. ते निवृत्त विज्ञानशिक्षक. समोर मूल असो की म्हातारा, सांगायची तऱ्हा एकच. "असं बघा. पडद्यावर एका वेळी हजार गोष्टी असतात. दोन संवादांच्या मध्ये चष्म्याला बोलायला मिळतात दोन-तीन सेकंद. त्यात पाच-सहा शब्द बसणार. मग हजारातलं काय निवडायचं? त्याला शिकवताना हजारो माणसांना चित्रं दाखवली आणि कुणाची नजर कुठं थांबते ते मोजलं. चाळीस मुलांच्या वर्गात चित्र टांगलं, तर पस्तीस मुलं वाघाकडे बघतात. चष्मा सांगणार, वाघ. कोपऱ्यातल्या मुंग्यांच्या रांगेकडे बघणारी पाच मुलं असतात ना, ती त्याच्या हिशेबात मागं पडतात."

"म्हणजे वृंदावहिनी मुंग्या बघणाऱ्यांतल्या," तबस्सुम म्हणाली. "आज का नाही आल्या त्या?"

"लग्नसराई आहे. ब्लाउजांचा ढीग पडलाय," मंजूषा म्हणाली. हे अर्धंच खरं होतं. गुरुवारी चष्मा लावून बसण्याआधी तिनं आनंदानं सांगितलं होतं, "वहिनी, आता तू सुटलीस. तुझं काम कर निवांत." वृंदा "बरं" म्हणाली होती आणि शेजारच्या खोलीत भाग संपेपर्यंत शिलाईमशीन चालू राहिलं होतं.

"अहो, पण त्या चष्म्याला जुना भाग दाखवून विचारता येतं ना हवं ते?" तबस्सुमला एकदम सुचलं. "मग चौथा भाग दाखवा! लाल दोऱ्याचा पुरावाच मिळेल. सगळ्या महाराष्ट्रातल्या 'बुडीत'वाल्यांच्या तोंडावर मारू."

लाल दोरा हे या बैठकीचं वैभव होतं. चौथ्या भागात तो मुका माणूस कंदिलाच्या उजेडात पाण्याचा तांब्या उचलतो. त्याच्या बाहीचं बटण लाल दोऱ्यानं शिवलेलं आहे, शर्ट पांढरा असून. यावरून मंजूषानं अनुमान काढलं होतं: हाताला लागेल तो दोरा घेऊन याचं तुटलेलं बटण कुणीतरी लावून दिलंय. म्हणजे हा पाण्याखाली नव्हता, रानावनात नव्हता. कुणाच्या तरी घरात होता. हे अनुमान तबस्सुमनं इंटरनेटवर टाकलं आणि नागपूरपासून बेळगावपर्यंत लोक त्यावर भांडू लागले.

"पण कंदिलाच्या उजेडात सगळंच लालसर दिसतं," मंजूषा म्हणाली. "चष्म्याला कसं कळणार?"

"कळेल," निकम सर म्हणाले. "पिवळ्या दिव्याखाली पांढरा कागद आपल्याला पांढराच वाटतो ना? आपला मेंदू आजूबाजूचं बघून दिव्याचा रंग वजा करतो. चष्मा तेच गणितानं करतो. चित्रात काय नक्की पांढरं असणार ते शोधतो, दात म्हणा, भिंतीचा चुना म्हणा. त्यावर किती लाली चढलीय ते मोजतो आणि तेवढी सगळ्या चित्रातून काढून टाकतो. उरतो तो खरा रंग."

मंजूषा घरी निघाली तेव्हा तिच्या चालण्यात ऐट होती.

घरी पोचल्यावर तिनं हातपाय धुतले, चौथा भाग लावला आणि नेमक्या जागी थांबवला. शेजारच्या खोलीत मशीन चालू होतं. आवाजावरून मंजूषाला शिलाईसुद्धा ओळखता यायची; आता अस्तर जोडणं चाललं होतं.

"बाहीच्या बटणाचा दोरा कोणत्या रंगाचा आहे?"

"पांढऱ्या," चष्मा म्हणाला.

"कंदिलाचा उजेड वजा करून सांग."

"वजा केला आहे. दोरा पांढरा आहे."

तिनं दुसऱ्या हाताच्या बाहीबद्दल विचारलं. तिसऱ्या भागातल्या, पाचव्या भागातल्या शर्टाबद्दल विचारलं. प्रत्येक वेळी तोच शांत आवाज, तोच एक शब्द. मग तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला.

दोरा गेला, याचं तिला फारसं वाटलं नाही. मालिका ती मालिका. पण दीड वर्ष ती वृंदाच्या डोळ्यांनी जगत होती. आकाश भरून आलंय की नाही, भाजीवाल्यानं दिलेली वांगी किडकी तर नाहीत, डॉक्टर बोलताना हसत होते की नुसतेच बोलत होते, हे सगळं तिला वृंदाकडूनच कळलं होतं. त्यातलं आणखी काय काय पांढरं होतं आणि तिला लाल सांगितलं गेलं होतं?

रविवारी ती नेमकं लागेल तेवढंच बोलली. सोमवारी तेवढंही नाही. मंगळवारी दुपारी वृंदानं चहाचा कप तिच्या हाताशी ठेवला आणि समोर बसली.

"वन्सं," ती म्हणाली. एरवी ती 'मंजू' म्हणायची. 'वन्सं' आलं की समजायचं, पाणी तापलंय. "काय बिनसलंय ते सांगून टाका. आमटीत मीठ जास्त झालं तरी तुम्ही त्यावर अर्धा तास बोलता. दोन दिवस घर मुकं झालंय त्या अनंतासारखं."

"चौथा भाग," मंजूषा म्हणाली. "तुझं वाक्य असं होतं: 'त्यानं तांब्या उचलला, बाही वर सरकली, अगंबाई, मनगटाजवळचं बटण लाल दोऱ्यानं शिवलंय.' बरोबर?"

"शब्द न् शब्द बरोबर असणार. तू ऐकलंयस ना."

"चष्मा म्हणतो दोरा पांढरा आहे."

समोरचा कपबशीचा आवाज थांबला.

मंजूषानं कोर्टात अशा जागा पुष्कळ पाहिल्या होत्या. साक्षीदार अडतो आणि समोरचा वकील दयाळू असला तर त्याला बाहेर पडायला एक दार उघडून देतो. तिनं ते उघडलं. "कंदिलाचा उजेड होता. लाल दिसला असेल तुला. कुणालाही दिसेल."

तिला मनापासून वाटत होतं, वहिनीनं 'हो' म्हणावं आणि विषय संपावा.

"नाही," वृंदा म्हणाली. "उजेडाचं कारण नको. तीस वर्षं दोरे ओवतेय मी, कंदील असो नाहीतर चिमणी, पांढरा दोरा मला पांढराच दिसतो. तो लाल मी केला."

"का?"

"आठव जरा. तेव्हा तू कशी होतीस? पाच महिने पलंगावरून उठत नव्हतीस. फोन वाजला की 'नाही म्हणून सांग.' टीव्ही लावायचे तो तुझ्या कानावर काही पडावं म्हणून. मी तीन भाग सांगितले, तू हूं की चूं केलं नाहीस. चौथ्याला मी दोरा घातला, आणि तू उठून बसलीस. म्हणालीस, 'थांब, थांब. लाल कसा?' दुसऱ्या दिवशी आपणहून तबस्सुमला फोन लावलास. मी स्वयंपाकघरात रडले त्या दिवशी."

मंजूषाला तो दिवस आठवत होता. उशीवरून मान उचलली तेव्हा ती किती जड वाटली होती, तेही आठवत होतं. तरी ती म्हणाली, "आणखी काय काय घातलंस?"

"म्हणजे?"

"कोपऱ्यावरच्या घराला पिवळा रंग दिलाय?"

"दिलाय. भयंकर दिसतो."

"खिडकीत बुलबुलानं घरटं केलं होतं?"

"केलं होतं. दोन पिल्लं."

"माझे केस अजून काळे आहेत?"

वृंदा अडखळली. "निम्मे पांढरे आहेत."

"निम्मे?"

"बरं, पाऊण."

"अगं, म्हणजे तबस्सुम उगाच नाही मेंदीचं विचारत! मी तिला ऐटीत सांगितलं, मला गरज नाही म्हणून." मंजूषाला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही. "वहिनी, ही थट्टा नाही. मी पाऊल टाकते ते तुझ्या शब्दावर. पायरी आहे म्हणालीस तर आहे, नाही म्हणालीस तर नाही. एक शब्द खोटा निघाला की सगळ्या जिन्यालाच हात लावून बघावा लागतो."

"कळतंय मला," वृंदा हळू आवाजात म्हणाली. "म्हणून तर चष्मा आला तेव्हा बरं वाटलं. म्हटलं, आता हिला खरं सांगणारं कुणीतरी आलं. आणि वाईटही वाटलं. दोन्ही खरं आहे, मंजू, लिहून घे."

बाहेर रस्त्यावरून बिनचालकाची एक रिक्षा 'बाजूला व्हा, बाजूला व्हा' असं म्हणत गेली.

"एक विचारू?" मंजूषा म्हणाली. "मला उठवायला काहीही चाललं असतं. खिडकीत भूत दिसलं म्हणाली असतीस, तरी मी उठले असते. दोराच का?"

वृंदाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, तिनं स्वतःलाही नाही. ती म्हणाली, "कारण मला वाटलं होतं तसं. तो आला तेव्हापासून वाटत होतं, हा माणूस कुणीतरी सांभाळलेला आहे. एकट्या पडलेल्या माणसाचे कपडे मी ओळखते गं. माझ्याकडे दुरुस्तीला घेऊन येतात ना, बायको गेलेले, मुलं लांब असलेले. शिवण उसवलेली, काजाचं तोंड फाटलेलं, एक बटण असतं, एक नसतं. याचा शर्ट तसा नव्हता. पण तू विचारायचीस, 'काय दिसतंय?' मला काय वाटतंय ते कुणी विचारलंच नाही. मग मी ते वाटणं एका दोऱ्यात ओवलं आणि 'दिसतंय' म्हणून दिलं."

मंजूषा सुन्न झाली. महाराष्ट्रभर गाजलेलं ते अनुमान तिचं नव्हतंच. इतके शनिवार ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ज्याचं कौतुक ऐकत होती, ते शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या, एक शब्द न बोलणाऱ्या बाईचं होतं. आणि त्या बाईला ते सांगायला खोटं बोलावं लागलं होतं, कारण मंजूषानं तिला फक्त डोळे समजलं होतं.

तिनं टीव्हीवर तीच जागा पुन्हा लावली आणि चष्मा चढवला. "चौथा भाग. त्या माणसाच्या शर्टाला बटणं किती आहेत?"

"नऊ," चष्मा म्हणाला. "पुढे सात, दोन्ही बाह्यांना एकेक."

"तुटलेलं, गळालेलं?"

"एकही नाही. उजव्या खांद्याची शिवण एकदा उसवून पुन्हा घातलेली आहे."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"आपण विचारले नव्हते."

"ऐकलंस वहिनी?" मंजूषा म्हणाली. चष्म्याचा आवाज फक्त तिच्याच कानाशी होता, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिनं सगळं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. "वीस वर्षांनी परत आलेल्या माणसाच्या अंगावर अख्खा शर्ट! तुला लाल दोरा घालायची गरजच नव्हती. नुसतं 'सगळी बटणं आहेत' म्हणाली असतीस तरी पुरलं असतं."

"त्यानं तू उठून बसली असतीस?"

मंजूषानं विचार केला. तिला खोटं बोलायचं नव्हतं. "नसते," ती म्हणाली. "पण आता बसलेय ना. यापुढं दिसलं ते 'दिसलं' म्हण आणि वाटलं ते 'वाटलं' म्हण. मला दोन्ही हवंय. फक्त दोन्ही वेगवेगळं ठेव."

"आणि चष्मा?"

"चष्मा रस्त्याला, गोळ्यांना, पत्रांना. मी एकटी चालत गेले परवा, ते मी सोडणार नाही. तूही सोडायला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? एकटी जा की खुशाल," वृंदा म्हणाली. मग जरा थांबून, "या शनिवारी मात्र मी येते. माझं मीच सांगेन लोकांना."

शनिवारी खोली भरली होती. लाल दोऱ्याचा पुरावा येणार म्हणून तबस्सुमनं दुकानाला चक्क कुलूप लावलं होतं.

मंजूषा उभी राहिली. "नोंदीत दुरुस्ती आहे," ती म्हणाली. "दोरा पांढरा आहे."

"कसं शक्य आहे?" तबस्सुम ओरडली. "मी स्वतः बघितला लाल! तीनदा थांबवून बघितला!"

"मीही बघितला होता," निकम सर सावकाश म्हणाले आणि हसायला लागले. "पस्तीस वर्षं मुलांना सांगत आलो, जे ऐकलं ते दिसायला लागतं, जपून बघा. घ्या आता."

"लाल मी सांगितला होता," वृंदा म्हणाली. या खोलीत तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकू येत होता. "तो नव्हता. मला माफ करा."

कुणीतरी चुकचुकलं. कुणीतरी खुर्ची सरकवली. मंजूषानं पुढचं बोलणं कुणाला सुरू करू दिलं नाही. "आणि दुसरी दुरुस्ती. ते अनुमान माझं नाही. हा माणूस कुणाच्या तरी घरात होता हे वहिनीनं ओळखलं, आणि दोऱ्याशिवायही ते उभं राहतं. नऊच्या नऊ बटणं जागेवर आहेत, खांदा उसवून पुन्हा शिवलाय. आता शर्ट का देईना, तेही तिलाच विचारा."

सगळे वृंदाकडे वळले असावेत. खोलीतला आवाज त्या बाजूला गेला. वृंदानं एक मोठा श्वास घेतला.

"अकरावा भाग मी काल बघितला. दिसलं एवढंच, की जानकीनं हात पुढं केला तेव्हा त्यानं खांद्यावर हात ठेवला. छातीवर नाही, गळ्याशी नाही, बरोबर शिवणीवर," ती म्हणाली. "आता वाटलं ते सांगते. दुसऱ्या बाईचा टाका जानकी लगेच ओळखेल, असं त्याला वाटलं. जिनं वीस वर्षं सांभाळलं, तिचं नाव त्याला सांगायचं नाही. म्हणून तो बोलतही नाही."

"बाप रे," तबस्सुम म्हणाली. मग सगळे एकदम बोलू लागले. हे नागपूरवाल्यांना आजच्या आज कळवायला हवं, असं ती म्हणत होती.

मंजूषा ऐकत होती. अनुमान देखणं होतं. पण त्यात तिला एक जागा खटकली, आणि खटकली याचाच तिला विलक्षण आनंद झाला.

"मला नाही पटत," ती म्हणाली.



"काय नाही पटत?" वृंदानं विचारलं.

"बाई कशावरून? एकट्या पुरुषाला सुई धरता येत नाही? वीस वर्षं आहेत त्याच्याकडे. पहिली बटणं गळाली असतील, मग शिकला असेल. जानकी शिवून द्यायची ते आठवून आठवून त्यानं स्वतः शिवलं असेल. म्हणून देत नाही. त्याला स्वतःच्या टाक्यांची लाज वाटतेय."

"पुरुषाचा टाका? स्वतःच्या उजव्या खांद्याला? कसा पोचेल हात?"

"शर्ट काढून शिवेल ना, वहिनी! अंगावर कोण शिवतं?"

"अगं, पण टाक्याला धाटणी असते. तू काय कपाळ शिवलंयस आयुष्यात?"

"म्हणून तर विचारतेय. सिद्ध कर."

"करते. भितेय की काय मी तुला?"

निकम सरांनी चष्मा पुसला, आपला साधा, न बोलणारा. "त्यात काय एवढं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "मंजूताई, तुमच्या चष्म्याला विचारून टाका. टाका कसा आहे ते तो एका सेकंदात सांगेल."

"नको!" दोघी एकदम म्हणाल्या.

"आत्ता कुठं भांडायला लागलोय, सर," मंजूषा म्हणाली आणि खुर्ची वृंदाच्या बाजूला ओढून बसली. "हां, वहिनी. बोल. धाटणी म्हणजे काय असतं?"